पंधरा हत्तींचे ओझे

एप्रिल 1868. इथिओपियाच्या उंच डोंगराळ मुलखात, दलांता नावाच्या पठारावर इंग्रजी फौजेने लिलाव मांडला होता. आठवड्यापूर्वीच मगदला किल्ला पडला होता. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने कैद पत्करण्याऐवजी स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले; ते पिस्तूलही राणी व्हिक्टोरियाने स्नेहाच्या दिवसांत भेट म्हणून पाठवलेले होते. आता त्याच्या खजिन्यातले आणि किल्ल्यावरच्या चर्चमधले मुकुट, क्रूस, सोन्याचा चषक, रेशमी वस्त्रे आणि चामड्यावर गीझ भाषेत लिहिलेल्या शेकडो पोथ्या उघड्यावर मांडून त्यांची बोली लागत होती. दोन दिवस हे चालले. आलेला पैसा फौजेत वाटायचा होता. बोली लावणाऱ्यांत ब्रिटिश म्युझियमचा रिचर्ड होम्स होता. त्याला या कामासाठी मोहिमेबरोबर मुद्दाम पाठवले होते आणि खर्चायला पैसेही दिले होते. इथिओपियाच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक रिचर्ड पँकहर्स्ट यांनी लिहून ठेवले आहे की ही लूट वाहायला 15 हत्ती आणि जवळजवळ 200 खेचरे लागली.

हे हत्ती हिंदुस्थानातून नेलेले होते. मोहिमेचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. सुमारे 13,000 सैनिक, त्याहून कितीतरी जास्त बाजारबुणगे, हजारो जनावरे, दाणागोटा असा मोठा पसारा उभा करण्याचे मुख्य ठिकाण होते मुंबई बंदर. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत कोकणातले आणि घाटावरचे लोक भरती होत. म्हणजे आज लंडनमध्ये काचेआड असलेली इथिओपियाची एखादी पोथी पठारावरून खाली उतरली, तेव्हा तिच्या वाटेवर कुठेतरी मराठी बोलणाऱ्या माणसाचा हात असणे अगदी शक्य आहे. तो हात हुकमाचा ताबेदार होता, हे खरे. पण हात होता.

आफ्रिकेच्या वस्तू, आफ्रिकेचा इतिहास आणि युरोपातली संग्रहालये हा विषय निघाला की आपण तो दुसऱ्यांच्या घरचे भांडण म्हणून ऐकतो. तो तसा नाही. आपण या प्रकरणात दोन्ही बाजूंना आहोत. आपले लुटले गेले, आणि दुसऱ्याचे लुटले जात असताना ओझे आपल्याही पाठीवर होते. पहिली बाजू आपल्याला तोंडपाठ आहे. दुसरी आपण कधी वाचलीच नाही.

यात तेवोद्रोसला देवपण देण्याची गरज नाही. तो तापट होता, क्रूरही होता. 1862 साली त्याने राणीला लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही, म्हणून संतापून त्याने इंग्रज वकिलाला आणि इतर युरोपीय माणसांना साखळदंडात टाकले. त्यांची सुटका हे मोहिमेचे कारण होते आणि ती झालीही. पण कैदी सोडवायला आलेल्याने देवघर धुऊन का न्यावे, या प्रश्नाला तेव्हाही उत्तर नव्हते. पुढे 1871 साली खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्ये या वस्तू आणल्या गेल्याबद्दल खेद व्यक्त केला. खेद कामकाजात नोंदला गेला आणि वस्तू जिथल्या तिथे राहिल्या.

पुढची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. 1872 साली सम्राट योहान्नेस चौथा याने राणीला पत्र लिहून दोनच वस्तू परत मागितल्या. एक ‘केब्रा नगस्त’ हा ग्रंथ. इथिओपियाच्या राजवंशाचे मूळ शलमोन राजा आणि शेबाची राणी यांच्यापर्यंत नेणारा हा ग्रंथ तिथे राज्याच्या पायाइतका महत्त्वाचा मानतात. दुसरी वस्तू म्हणजे काटेरी मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे एक पूज्य चित्र. ब्रिटिश म्युझियमकडे ग्रंथाच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक परत गेली. चित्र मात्र सापडत नाही, असे उत्तर गेले. ते सापडणार कसे? ते होम्सने स्वतःच्या घरी नेले होते. ही गोष्ट उघड व्हायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

यादीत नसलेली वस्तू मागता येत नाही. संग्रहालयाची खरी सत्ता काचेच्या कपाटात नसते, ती नोंदवहीत असते. काय आहे, किती आहे, कुठून आले, कोणी दिले हे ज्याला माहीत, तोच ठरवणार की समोरच्याचा दावा खरा की खोटा. कला-इतिहासकार बेनेडिक्ट साव्हॉय यांनी जुनी सरकारी कागदपत्रे चाळून दाखवले आहे की 1970च्या दशकात आफ्रिकी देश आपल्या वस्तू मागू लागले, तेव्हा जर्मन संग्रहालयांच्या वर्तुळात याद्या प्रसिद्धच करू नयेत असा सल्ला दिला गेला. कारण साधे होते : यादी बाहेर पडली की मागणी येईल. 1978 साली युनेस्कोचे महासंचालक, सेनेगलचे आमादू-मख्तार म्बो यांनी जगाला जाहीर आवाहन केले, तरी कुलुपे निघाली नाहीत.

मराठी वाचकाला हे कुलूप ओळखीचे वाटावे. पेशवाई बुडाल्यावर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुण्याच्या संशोधकांना त्यात मोकळेपणी पाऊल टाकण्यासाठी अनेक दशके अर्जविनंत्या कराव्या लागल्या. कागद आपले, मोडी आपली, नावे आपल्या पणजोबांची, आणि परवानगी साहेबाची. दफ्तर बंद म्हणून इतिहास-संशोधक राजवाडे गावोगाव हिंडले आणि माळ्यावरचे, पेटाऱ्यातले कागद गोळा करत राहिले. ज्या सुमारास मगदल्यावर तोफा डागल्या जात होत्या, त्याच सुमारास पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने हा विद्यार्थी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका लिहीत होता. आपला इतिहास साहेबाने लिहिला म्हणून तो खरा होत नाही, ही हिंमत मराठी गद्यात तेव्हाच आली. हीच हिंमत आज बेनिनमधला किंवा घानातल्या कुमासीतला माणूस दाखवतो, तेव्हा त्याचे म्हणणे आपल्याला नवे का वाटावे?

आता डिजिटल युगाकडे वळू. संगणकाने कुलूप उघडले, असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे.

बेनिनचे उदाहरण घ्या. हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातले एडो लोकांचे जुने राज्य. बेनिन नावाचा देश वेगळा. 1897च्या फेब्रुवारीत इंग्रजी फौजेने राजधानी बेनिन सिटी जाळली, राजा ओबा ओव्होनरामवेन याला कालाबारला हद्दपार केले आणि राजवाड्यातल्या पितळी पट्ट्या, पूर्वज राजांची ओतीव मस्तके, कोरलेले हस्तिदंत असा हजारो वस्तूंचा ठेवा उचलला. मोहिमेचा खर्च भरून काढायला त्यातले बरेच विकले गेले आणि जगभर पांगले. त्या पट्ट्या म्हणजे एडो लोकांची बखरच होती. दरबार, मिरवणुका, आलेले पोर्तुगीज हे सगळे धातूत नोंदलेले. बखरीची पाने फाडून एकेक पान वेगळ्या गावी विकावे, तसे झाले.

नोव्हेंबर 2022 मध्ये ‘डिजिटल बेनिन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. 20 देशांतल्या 131 संस्थांमधल्या 5,000हून अधिक वस्तूंची नोंद त्यात एका ठिकाणी आली. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा ती पाने शेजारी शेजारी लागली. त्याहून मोठे काम असे की वस्तूंची एडो भाषेतली नावे, त्यांचे उपयोग, जाणत्या माणसांच्या तोंडच्या आठवणी त्यात नोंदल्या गेल्या. ज्याला कॅटलॉग नुसते ‘दागिना’ किंवा ‘घंटा’ म्हणत होता, तो कोणत्या विधीत, कोणाच्या अंगावर, कोणत्या नावाने असे, हे आता ज्यांचे आहे तेच सांगू लागले. बेनिन सिटीत इगुन नावाची ओतकामाची आळी आजही चालू आहे. तिथला कारागीर आपल्या पूर्वजाने ओतलेली वस्तू आता निदान पडद्यावर पाहू शकतो.

हे काम चांगले आहे, आणि म्हणूनच त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. पडद्यावरची प्रत म्हणजे परतफेड नव्हे. शेजाऱ्याने आपली गाय नेली आणि कित्येक वर्षांनी तिचा सुंदर फोटो पाठवला, तर आपण दूध कशाचे काढणार? पण संग्रहालयांच्या भाषेत अलीकडे ‘डिजिटल परतावा’ असा शब्द ऐकू येतो. वस्तू आमच्याकडे राहू द्या, तुम्हाला त्रिमितीय प्रतिकृती देतो. शिवाय त्या छायाचित्राचा हक्क अनेकदा छायाचित्र काढणाऱ्या संस्थेकडे असतो, ते पुस्तकात छापायचे तर परवानगी आणि शुल्क तिकडेच. म्हणजे एकदा वस्तू नेली, आणि दुसऱ्यांदा तिची सावली.

उलट टोकालाही खड्डा आहे. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी 2017 साली वागाडुगूत वारसा परत करण्याचे वचन दिले. त्यानंतर सेनेगलचे विचारवंत फेलवीन सार आणि साव्हॉय यांनी 2018 साली अहवाल दिला. वस्तू परत द्या, असे तो ठामपणे सांगतो. पण आफ्रिकी संग्रहांची छायाचित्रे सगळ्यांसाठी खुली करावीत, अशीही शिफारस त्यात होती. त्यावर 2019 मध्ये कायद्याच्या अभ्यासकांनी नेमका आक्षेप घेतला : काय खुले करायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे ठरवणारे तुम्ही कोण? खुलेपणा ही फार चांगली गोष्ट आहे, पण दुसऱ्याच्या घराचे दार आपण उघडे टाकले तर त्याला औदार्य म्हणत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा मगदल्याचेच. इथिओपियाच्या प्रत्येक ऑर्थोडॉक्स चर्चच्या गाभाऱ्यात ‘ताबोत’ असतो. मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या पाट्यांचे ते प्रतीक. तो पुजाऱ्यांखेरीज कोणी पाहायचा नाही. मिरवणुकीतही तो वस्त्रात गुंडाळून डोक्यावर घेतात. असे 11 ताबोत ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथे ते बंद खोलीत ठेवले आहेत. कोणी अभ्यासक, कोणी अभिरक्षक, कोणी विश्वस्तही ते पाहत नाही. त्यांचे छायाचित्र काढता येत नाही, त्यांच्यावर संशोधन करता येत नाही, ते प्रदर्शनात मांडता येत नाहीत. मग संग्रहालयाने ते ठेवले कशासाठी? केवळ देता येत नाहीत म्हणून. स्कॉटलंडमधल्या एका चर्चला कपाटात असाच एक ताबोत सापडला. त्यांनी 2002 साली तो परत पाठवला, आणि अदिस अबाबात त्याच्या स्वागताला लोकांचा महापूर लोटला. पालखी परत आल्यावर गावाला काय वाटते, हे ज्याने आषाढी-कार्तिकीला पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागू नये. कोणत्याही सर्व्हरवर हा आनंद साठवता येत नाही.

देता का येत नाही? कायदा आड येतो. ब्रिटिश म्युझियमचे हात 1963च्या कायद्याने बांधले आहेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे 1983च्या. पण हे कायदे लुटीच्या मागून आले. 1920च्या दशकात तेवोद्रोसचा चांदीचा मुकुट परत देता आला होता. सोन्याचा मात्र लंडनलाच राहिला. आणि मनात आले की वाट निघते. जर्मनीने 2022 साली बेनिनच्या हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावे केली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सने खास कायदा करून अबोमेच्या राजवाड्यातल्या 26 वस्तू बेनिन देशाला परत पाठवल्या होत्या.

‘त्यांच्याकडे वस्तू सुरक्षित राहतील का?’ हा हमखास प्रश्न. 2023च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश म्युझियमने कबूल केले की त्यांच्याकडच्या सुमारे 2,000 वस्तू चोरीला गेल्या, गहाळ झाल्या किंवा बिघडल्या, आणि त्यातल्या कित्येकांची धड नोंदही नव्हती. त्यानंतर सगळा संग्रह पाच वर्षांत डिजिटल करण्याची घोषणा झाली. आणि आपणही फार मान वर करू नये. जानेवारी 2004 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या-हस्तलिखितांची नासधूस झाली. ती आपली लाज आहे. पण म्हणून मराठी माणसाने आपल्या वारशावरचा हक्क गमावला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? मग नायजेरियात परत आलेल्या वस्तूंची मालकी राजाची की सरकारची, संग्रहालय कोणाचे, यावर वाद झाले की आपण ‘बघा, यांना सांभाळता येत नाही’ असे कशाला म्हणावे? घरातले वाद घरातलेच असतात. ते मिटेपर्यंत दागिने शेजाऱ्याच्या तिजोरीत ठेवावेत, असा कायदा जगात कुठे नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. जुलै 2024 मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्यात आली. ती शिवाजी महाराजांचीच आहेत का, यावर संशोधकांत वाद आहे. त्यात मी शिरत नाही. ती ज्या म्युझियमने दिली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. त्यांच्याकडे ती आली ग्रँट डफच्या घराण्याकडून. आणि ती दिली गेली तीन वर्षांच्या उसनवारीवर. त्याच वर्षी मे महिन्यात घानातल्या कुमासीच्या राजवाड्यात असांते लोकांचे सोने मांडले गेले. बहुतेक 1874 साली आणि नंतर इंग्रजी फौजांनी लुटलेल्या अशा 32 वस्तू, काही याच म्युझियमच्या आणि काही ब्रिटिश म्युझियमच्या, तीन वर्षांच्या उसनवारीवर. 2018 साली इथिओपियालाही मगदल्याच्या वस्तू दीर्घ मुदतीने उसन्या देण्याची तयारी याच म्युझियमने दाखवली होती. एकच दुकान, एकच अट, तीन गिऱ्हाईके, आणि माल तिघांच्याही घरातला.

या तिघांपैकी बाकीच्या दोघांची आपल्याला खबर किती होती? वाघनखे आली तेव्हा आपण ढोल वाजवले, श्रेयासाठी भांडलो, खरी-खोटी केली. कुमासीचे नाव कोणी काढले नाही. 2025 साली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने सुमारे 47 लाख रुपये मोजून ती घेतली आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. ती घेतली हे चांगलेच झाले. पण आपल्या वस्तूसाठी बोली लावावी लागते, या रीतीबद्दल आपण काय म्हणतो? आपली वस्तू हवी म्हणणे ही ममता आहे. जबरदस्तीने नेलेली कोणाचीही वस्तू त्याला परत मिळावी म्हणणे हा न्याय आहे. ममता सगळ्यांनाच असते. न्याय शिकावा लागतो.

हे शिकण्याची एक वाट दादाभाई नौरोजींनी 1867 सालीच दाखवली होती. अबिसिनियाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, मोहिमेत हिंदी पलटणींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यायचा ठरले, तेव्हा त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून त्या खर्चावर बोट ठेवले. ज्या लढाईशी आपला संबंध नाही, तिचे पैसे आपण का द्यावेत? प्रश्न बिनतोड होता. पण तो खर्चाच्या रकान्यातला होता. जमेच्या रकान्याबद्दलचा, म्हणजे त्या लढाईतून जे आणले गेले त्याबद्दलचा प्रश्न विचारणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

इथिओपियाशी आपले नाते काही मगदल्यापासून सुरू होत नाही. ज्याने निजामशाही तोलून धरली, खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले, आणि त्या शहराला नहरीने पाणी पाजले, तो मलिक अंबर मूळचा तिथलाच. आपले पूर्वज त्या देशाला हबसाण म्हणत. आज ‘हबशी’ हा शब्द आपण कशासाठी वापरतो, हे प्रत्येकाने आपल्या जिभेला विचारावे. नाशिकच्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1873-74 साली शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत होता. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्या थडग्यावर लिहिले आहे की देह निष्ठावान हातांनी आणला. हातांची नावे तिथे नाहीत. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे नाव ठाऊक आहे?

म्हणून तीन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्यांसाठी लंडनची परवानगी लागत नाही. पहिली : मुंबईच्या पुराभिलेखागारात इलाखा सरकारचे जुने दफ्तर आहे. त्यात मगदल्याच्या मोहिमेचे, शरणपुराचे, जंजिऱ्याच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे जे कागद असतील, ते शोधून, नोंदवून, चित्रित करून इथिओपियाच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या अभ्यासकांना खुले करावेत, कोणी मागायच्या आधी. जी यादी आपण दुसऱ्याकडे मागतो, ती आधी आपण द्यावी. दुसरी : आपल्या संग्रहालयांतल्या वारली, गोंड, कातकरी वस्तूंच्या पाट्या वाचाव्यात. जिथे दात्याचे नाव ठळक आणि घडवणाऱ्याचे नावच नाही, तिथे आपणही छोटे लंडन उभे केले आहे. ती पाटी त्या समाजाला विचारून, त्याच्या शब्दांत पुन्हा लिहावी. तिसरी : आपल्या सरकारने यापुढे परकी संग्रहालयाशी करार करताना उसनवारी हा शेवटचा शब्द मानू नये, आणि आफ्रिकी देश जेव्हा संग्रहालयांचे हात बांधणारे ते ब्रिटिश कायदे बदला म्हणतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहावे.

वाघनखांची आणि कुमासीच्या सोन्याची मुदत एकाच वर्षी, 2027 मध्ये भरते. वाढवून मिळाली नाही, तर वाघनखे पेटीत बंद होतील आणि विमानाने जातील. त्या दिवशी आपल्या पोटात कालवेल, आणि कालवलेच पाहिजे. फक्त त्याच वेळी एवढे आठवावे की कुमासीतही कोणीतरी अशीच पेटी बंद होताना पाहत असेल, आणि मगदल्याच्या लोकांना तर पेटी उघडलेलीही पाहायला मिळालेली नाही. त्यांच्या वस्तू वाहून नेणारे हत्ती आपल्याकडून गेले होते. ते ओझे अजून उतरलेले नाही.